पूर्ण वर्ग नीट करा, विवेचक आणि आलेख त्यातूनच निघतात

वर्गसमीकरण सोडवायच्या पद्धती शाळेत एकामागून एक येतात: अवयव, पूर्ण वर्ग, सूत्र. मग मुळं (समीकरणाची उत्तरं) कशी असतील हे सांगणारा विवेचक येतो आणि त्यानंतर कधीतरी अन्वस्ताचा, म्हणजे वर्ग बहुपदीच्या वक्राचा, आलेख. त्यामुळे ही सगळी सुटी प्रकरणं वाटतात आणि प्रत्येकाचं वेगळं पाठांतर होतं. प्रत्यक्षात पूर्ण वर्ग करण्याची एक क्रिया बिनचूक जमली, की सूत्र, विवेचक, आलेखाचा शिरोबिंदू (जिथे तो वळतो तो बिंदू) आणि बहुपदीची सर्वांत लहान किंवा मोठी किंमत हे सगळं एकाच ओळीतून वाचता येतं. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या क्रियेलाच दिली आहे.

चल क्ष, सर्वसाधारण वर्ग बहुपदी अ·क्ष² + ब·क्ष + क आणि तिची किंमत य अशी घेऊ. अ शून्य नसतो, हे गृहीत. विवेचकासाठी पुस्तकांत ग्रीक डेल्टा वापरतात, इथे सोयीसाठी 'वि' लिहू.

मधल्या सहगुणकाचं निम्मं

आधी क्ष² चा सहगुणक १ असलेलं उदाहरण घ्या:

क्ष² − ६क्ष + ५

मधला सहगुणक −६, त्याचं निम्मं −३, आणि −३ चा वर्ग ९. हे ९ मिळवा आणि लगेच वजाही करा, म्हणजे बहुपदीची किंमत बदलत नाही:

क्ष² − ६क्ष + ९ − ९ + ५ = (क्ष − ३)² − ४

सराव झाला की मधली ओळ लिहावी लागत नाही. कंसात क्ष आणि निम्मा सहगुणक त्याच्या चिन्हासह लिहायचा, कंसाबाहेर त्या निम्म्याचा वर्ग वजा करायचा आणि स्थिरपद मिळवायचं. चुका होतात त्या चिन्हाच्या. कंसातलं चिन्ह मधल्या पदाप्रमाणे बदलतं, पण बाहेरचा वर्ग नेहमी वजाच होतो. क्ष² + ६क्ष + ५ घेतलं तरी (क्ष + ३)² − ९ + ५ असंच येतं, + ९ कधीच येत नाही.

निम्मंच का घ्यायचं, हे बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी यांनी नवव्या शतकात चित्र काढून दाखवलं होतं. त्यांचं उदाहरण होतं क्ष² + १०क्ष = ३९. कागदावर क्ष बाजूचा चौरस काढा. १०क्ष हे क्षेत्रफळ ५ रुंदीच्या दोन पट्ट्यांत विभागा, एक पट्टी चौरसाच्या उजवीकडे आणि दुसरी खाली चिकटवा. आता मोठा चौरस जवळजवळ तयार झाला, फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात ५ × ५ चा तुकडा रिकामा राहिला. तो २५ भरला की एकूण क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणजे क्ष + ५ = ८ आणि क्ष = ३. दहाच्या दहाची पट्टी एकाच बाजूला लावली असती, तर आयत झाला असता आणि चौरस पुरा करायला कोपराच उरला नसता. (दुसरं मूळ −१३ आहे, पण चौरसाची बाजू ऋण नसते, म्हणून चित्रात ते दिसत नाही.)

मधला सहगुणक विषम असला की बरेच जण दशांश चिन्हाकडे वळतात. तसं करू नका. अपूर्णांक ठेवा आणि छेद आधीच सारखे करून घ्या:

क्ष² + ५क्ष + ३ = (क्ष + ५/२)² − २५/४ + १२/४ = (क्ष + ५/२)² − १३/४

२.५ चा वर्ग ६.२५ तोंडपाठ असतो हे खरं. पण सहगुणक ७/३ आला की दशांशात लिहिलेली किंमत अंदाजे होते, आणि पुढचं वर्गमूळही मग अंदाजेच.

क्ष² चा सहगुणक १ नसेल तेव्हा

या विषयात सर्वाधिक गुण इथे जातात. उदाहरण घ्या:

२क्ष² − ८क्ष + ३

पहिल्या दोन पदांतूनच २ बाहेर काढा. स्थिरपदाला हात लावू नका, नाहीतर ३/२ सारखे अपूर्णांक विनाकारण मागे लागतात:

२(क्ष² − ४क्ष) + ३

कंसातल्या कंसात पूर्ण वर्ग करा:

२[(क्ष − २)² − ४] + ३

आता चौकटी कंस सोडवा. बाहेरचा २ या −४ लाही गुणतो:

२(क्ष − २)² − ८ + ३ = २(क्ष − २)² − ५

नेहमीची चूक म्हणजे −४ तसाच बाहेर आणून −४ + ३ = −१ लिहिणं. ती पकडायला पाच सेकंद लागतात: उत्तरात क्ष = ० ठेवा. मूळ बहुपदीत स्थिरपद ३ आहे, म्हणून उत्तरातूनही ३ च यायला हवेत. २ × ४ − ५ = ३, बरोबर. चुकीच्या उत्तरातून २ × ४ − १ = ७ येतात आणि चूक लगेच उघडी पडते. शून्याचा ताळा जुळला की क्ष = १ ठेवूनही बघा. मूळ बहुपदीत २ − ८ + ३ = −३, उत्तरात २ − ५ = −३. क्ष² चा सहगुणक तर समोरच दिसतो, तेव्हा तो आणि हे दोन ताळे जुळले की उत्तर पक्कं.

सहगुणक ऋण असेल तर वजा चिन्हासकट बाहेर काढा:

−३क्ष² + ६क्ष + १ = −३(क्ष² − २क्ष) + १ = −३[(क्ष − १)² − १] + १ = −३(क्ष − १)² + ४

इथे दोनदा चिन्ह बदलतं. + ६क्ष कंसात गेल्यावर − २क्ष होतो, आणि कंसातला −१ बाहेर येताना + ३ होतो. यातलं एक विसरलं तरी शून्याचा किंवा एकचा ताळा बोलतो.

एक भेद मनात पक्का हवा. २क्ष² − ८क्ष + ३ = ० हे समीकरण असेल, तर दोन्ही बाजूंना २ ने भागून क्ष² − ४क्ष + ३/२ = ० लिहायला हरकत नाही, मुळं तीच राहतात. पण य = २क्ष² − ८क्ष + ३ चा आलेख काढायचा असेल, तर उजवी बाजू २ ने भागणं म्हणजे दुसराच अन्वस्त काढणं. मुळं तिथेच राहतील, शिरोबिंदूची खोली मात्र −५ ऐवजी −२.५ येईल.

समीकरण सोडवताना

भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं अर्जुनाचं गणित या पद्धतीसाठी अगदी योग्य आहे. अर्जुनाने घेतलेल्या बाणांपैकी निम्म्यांनी कर्णाचे बाण अडवले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपटीने घोडे, सहांनी शल्य, तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य, आणि एका बाणाने कर्णाचं शिर छेदलं. एकूण बाण किती?

बाणांची संख्या थेट क्ष धरली तर वर्गमूळ त्रास देतं. म्हणून बाण क्ष² धरा, मग वर्गमूळ क्ष:

क्ष² = क्ष²/२ + ४क्ष + १०

दोनने गुणून आवरलं की क्ष² − ८क्ष = २०. दोन्ही बाजूंत १६ मिळवा:

(क्ष − ४)² = ३६, म्हणून क्ष − ४ = ± ६

क्ष = १० किंवा −२. बाणांच्या संख्येचं वर्गमूळ धन असायला हवं, तेव्हा क्ष = १० आणि बाण १००. ताळा: ५० + ४० + ६ + ३ + १ = १००.

इथे ± विसरलं तरी योग्य उत्तर हाती लागलं असतं, पण हे दर वेळी चालत नाही. भास्कराचार्यांच्याच 'बीजगणित' या ग्रंथात माकडांचं गणित आहे: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे, उरलेली बारा डोंगरावर आहेत. (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष = −७६८. निम्मं ३२, वर्ग १०२४:

(क्ष − ३२)² = २५६, म्हणून क्ष = ३२ ± १६

४८ आणि १६, दोन्ही उत्तरं चालतात: ३६ + १२ = ४८ आणि ४ + १२ = १६. याउलट, त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या कळपात पाचव्या भागातून तीन कमी करून त्याचा वर्ग गुहेत शिरतो आणि एक माकड फांदीवर दिसतं. समीकरणातून ५० आणि ५ ही मुळं येतात. ५ ठेवलं तर आकडेमोड जुळते, पण पाचव्या भागातून तीन वजा केल्यावर उणे दोन माकडं उरतात, म्हणून भास्कराचार्य ५ सोडून देतात. शाब्दिक उदाहरणात मूळ नाकारायचं ते असं, गोष्टीत ठेवून पाहिल्यावर. "ऋण आहे म्हणून नाही" हा सरसकट नियम नव्हे, कारण ५ ऋण नव्हतंच.

आणि ७६८ चे बेरीज ६४ येणारे अवयव शोधत बसण्यापेक्षा पूर्ण वर्ग किती सुटसुटीत पडतो, हेही या उदाहरणात दिसतं. मधला सहगुणक सम आणि स्थिरपद मोठं असेल, तर ही पद्धत बहुतेक वेळा अवयवांच्या आधी संपते.

क्ष² चा सहगुणक १ नसेल, तर जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची युक्ती वापरा. दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवा. शेवटच्या भागाकारापर्यंत अपूर्णांक येतच नाही. ३क्ष² + ५क्ष = ४ घ्या. ४अ = १२ ने गुणलं की

३६क्ष² + ६०क्ष = ४८

२५ मिळवा:

(६क्ष + ५)² = ७३, म्हणून क्ष = (−५ ± √७३)/६

कंसात नेहमी २अ·क्ष + ब येतं. आकड्यांऐवजी अक्षरं ठेवून हेच केलं तर

(२अ·क्ष + ब)² = ब² − ४अ·क

क्ष = (−ब ± √(ब² − ४अ·क))/(२अ)

हेच ते सूत्र. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते श्रीधराचार्यांच्या नावानं शिकवतात आणि ब्राझीलच्या शाळांत चक्क भास्करांच्या. पाठ तर कराच, पण पाठांतरावर शंका आली की वरच्या दोन ओळी पुन्हा लिहून ताडून घ्या. '२अ हा छेद फक्त वर्गमुळाखाली की −ब च्याही खाली' हा गोंधळ तिथेच मिटतो.

विवेचक काय सांगतो

वि = ब² − ४अ·क. वरच्या ओळीत डावीकडे पूर्ण वर्ग आहे आणि उजवीकडे वि. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. तेव्हा वि धन असेल तर दोन वेगळी वास्तव मुळं, शून्य असेल तर दोन्ही मुळं समान, ऋण असेल तर वास्तव मुळं नाहीत. हे तीन नियम पाठ करायची गरज खरं तर नाही.

याहून उपयोगाचं म्हणजे अवयव पडतील की नाही, हे वि आधी सांगतो. सहगुणक पूर्णांक असताना वि पूर्ण वर्ग संख्या असेल तरच मुळं परिमेय असतात आणि सरळ अवयव पडतात. ६क्ष² − ७क्ष − २० साठी वि = ४९ + ४८० = ५२९ = २३². मुळं (७ ± २३)/१२, म्हणजे ५/२ आणि −४/३, आणि अवयव (२क्ष − ५)(३क्ष + ४). शेवटचं पद −२० ऐवजी −१९ केलं की वि = ५०५. २२² = ४८४ आणि २३² = ५२९, मध्ये काही नाही. आता १९ आणि ६ च्या जोड्या लावत अर्धं पान भरण्यात अर्थ नाही, सूत्र लावा. अवघड दिसणाऱ्या प्रत्येक त्रिपदीला अवयवांआधी वि काढण्याची सवय लावून घ्या.

वि काढताना ठरावीक दोन जागी पाय घसरतो. ब = −७ असेल तर ब² = ४९. कॅल्क्युलेटरवर कंस न देता −७² दाबलं, तर बहुतेक यंत्रं −४९ दाखवतात, म्हणून (−७)² असंच दाबा. दुसरी जागा: अ आणि क यांची चिन्हं विरुद्ध असतील, तर −४अ·क धनच होतो, म्हणजे वि नक्की धन. आकडेमोड सुरू करण्याआधीच हे कळतं. अशा समीकरणात वि ऋण आला तर चिन्हाची चूक शोधा.

परीक्षेत विवेचक बहुधा म सारख्या अज्ञात सहगुणकासह येतो. (म − ३)क्ष² + २(म − ३)क्ष + ५ = ० ची मुळं समान असतील तर म किती?

वि = ४(म − ३)² − २०(म − ३) = ४(म − ३)(म − ८)

वि = ० तेव्हा म = ३ किंवा ८. पण म = ३ ठेवलं तर क्ष² चं पदच नाहीसं होतं आणि ५ = ० उरतं. म्हणून म = ८. दोन्ही बाजू (म − ३) ने भागूनही ८ च मिळतं, पण ३ का चालत नाही हे लिहिलं नाही तर गुण कापले जाऊ शकतात.

क्ष² + म·क्ष + ९ = ० ला दोन वेगळी वास्तव मुळं हवी असतील तर म² − ३६ > ०. इथे 'म > ± ६' असं लिहिलेलं सर्रास दिसतं. त्याला अर्थ नाही. उत्तर म > ६ किंवा म < −६. खात्री नसेल तर म = −७ ठेवून पाहा: ४९ − ३६ = १३, धन. म = ० ठेवा: −३६, ऋण. मधला पट्टा बाद.

रेषा अन्वस्ताला स्पर्श करते का, हाही विवेचकाचाच प्रश्न आहे. य = २क्ष + म ही रेषा य = क्ष² − ४क्ष + ७ ला कधी स्पर्श करेल? दोन्ही य समान ठेवा:

क्ष² − ६क्ष + (७ − म) = ०

वि = ३६ − २८ + ४म = ८ + ४म. स्पर्श म्हणजे समान मुळं, म्हणून म = −२. तेव्हा क्ष = ३ आणि य = ४, हा स्पर्शबिंदू. म त्याहून मोठा घेतला तर रेषा अन्वस्ताला दोन ठिकाणी छेदते, लहान घेतला तर त्याला गाठतच नाही.

आलेख काढताना

क्ष = −३ पासून ३ पर्यंत किमती ठेवून तक्ता करायचा आणि बिंदू जोडायचे, ही सवय अन्वस्तासाठी वाईट आहे. य = क्ष² − १०क्ष + २१ चा तक्ता करून पाहा. य च्या किमती ६०, ४५, ३२, २१, १२, ५, ० अशा उतरत जातात. सात बिंदू, उभा अक्ष ६० पर्यंत ताणलेला, आणि हाती काय? एक उतार. शिरोबिंदू (५, −४) आणि दुसरं मूळ ७, दोन्ही तक्त्याच्या बाहेर राहिले. पूर्ण वर्ग केला असता तर (क्ष − ५)² − ४ या एका ओळीतून दोन्ही मिळाले असते.

म्हणून सुरुवात पूर्ण वर्गाने करा. बहुपदी अ(क्ष − ह)² + ल या रूपात आली की शिरोबिंदू (ह, ल). कंसातल्या चिन्हाच्या उलट ह येतो: (क्ष − २)² असेल तर ह = २, (क्ष + २)² असेल तर −२. कारण वर्गाची किंमत शून्य होते तिथेच वळण असतं. अ धन असेल तर अन्वस्त वर उघडतो आणि ल ही सर्वांत लहान किंमत. अ ऋण असेल तर खाली उघडतो आणि ल सर्वांत मोठी.

य = २क्ष² − ८क्ष + ३ = २(क्ष − २)² − ५ पुरतं काढू.

शिरोबिंदू (२, −५) ठळक करा आणि त्यातून क्ष = २ ही उभी तुटक रेषा आखा, तो सममितीचा अक्ष. उभ्या अक्षावरचा बिंदू स्थिरपदातून फुकट मिळतो: (०, ३). तो सममितीच्या अक्षापासून डावीकडे २ एकक आहे, म्हणून उजवीकडे तितक्याच अंतरावर (४, ३). मुळं: (क्ष − २)² = ५/२, क्ष = २ ± १.५८, म्हणजे सुमारे ०.४२ आणि ३.५८. हे पाच बिंदू पुरेसे होतात.

आणखी बिंदू हवे असतील तर मूळ समीकरणात पुन्हा किमती ठेवू नका. शिरोबिंदूपासून आडवं एकेक एकक सरका आणि उभं १, ३, ५, ७... यांच्या अ-पटीने चढा. अ = २ असल्याने २, ६, १०: (२, −५) वरून (३, −३), मग (४, ३), मग (५, १३). डावीकडे हेच आरशासारखं. लागोपाठच्या वर्गांतले फरक विषम संख्या असतात, म्हणून हे चालतं. (४, ३) दोन वाटांनी मिळाला, तोच ताळा. अ ऋण असेल तर चढण्याऐवजी उतरा.

याच आकृतीत विवेचक डोळ्यांना दिसतो. शिरोबिंदूचा य = −वि/(४अ), इथे −४०/८ = −५. आणि मुळं सममितीच्या अक्षापासून दोन्ही बाजूंना √वि ÷ २अ एवढ्या अंतरावर, इथे √४० ÷ ४ = १.५८ (अ ऋण असेल तर त्याचं चिन्ह सोडून द्या). वि कमी कमी होत गेला की मुळं अक्षाकडे सरकतात, शून्याला एकमेकांत मिसळतात. ४क्ष² + ४क्ष + १ = ४(क्ष + १/२)² मध्ये तेच झालंय: अन्वस्त आडव्या अक्षाला (−१/२, ०) वर फक्त टेकतो.

वि ऋण असलेला अन्वस्त काढताना अडखळायचं कारण नाही, मुळं नाहीत एवढंच. −क्ष² + २क्ष − ३ = −(क्ष − १)² − २. शिरोबिंदू (१, −२), तोंड खाली, (०, −३) आणि त्याचा जोडीदार (२, −३). संपूर्ण आलेख आडव्या अक्षाच्या खाली. त्यावरून 'क्ष काहीही असला तरी ही बहुपदी ऋण' हे विधान सिद्धच झालं, वेगळी सिद्धता लिहावी लागत नाही.

हाताने काढलेल्या अन्वस्तात दिसणारे दोष सांगतो. शिरोबिंदूजवळ बिंदू पट्टीने जोडल्यामुळे तळ टोकदार होतो. तिथे रेघ क्षणभर आडवी असायला हवी, पण सपाट पाटासारखी लांब नव्हे. टोकं वर जाताना आत वळतात आणि आकृती अंड्यासारखी दिसू लागते, किंवा अगदी उभी होऊन थांबते. अन्वस्त सतत बाहेर फाकत जातो, उभा कधीच होत नाही. टोकांना बाण काढा. आलेख कागदावर दोन्ही अक्षांना एकच प्रमाण बसत नसेल, तर आडव्यावर १ सेमी = १ एकक, उभ्यावर १ सेमी = ५ एकक घ्या, पण कोपऱ्यात प्रमाण लिहा. नाहीतर अ = १ चा अन्वस्त पसरट दिसतो आणि तपासणाऱ्याला अ चुकला असं वाटतं. कच्ची आकृती मागितली असेल तर प्रमाण लागत नाही, मात्र शिरोबिंदू, मुळं आणि उभ्या अक्षावरचा बिंदू यांचे निर्देशक आकृतीवर लिहावेच लागतात.

असमानताही आकृतीवरून वाचा. क्ष² − ६क्ष + ५ < ० म्हणजे वर उघडणारा अन्वस्त आडव्या अक्षाच्या खाली कुठे आहे? मुळं १ आणि ५ यांच्या मध्ये, म्हणून १ < क्ष < ५. '> ०' असतं तर बाहेरचे दोन तुकडे, आणि ते 'किंवा'ने जोडायचे.

आकृती दिली आणि समीकरण विचारलं, तर तेच रूप उलटं वापरा. शिरोबिंदू (२, ९) आणि आलेख (५, ०) मधून जातो:

० = अ(५ − २)² + ९, म्हणून अ = −१

य = −(क्ष − २)² + ९ = −क्ष² + ४क्ष + ५. तीन बिंदूंवरून तीन समीकरणं मांडण्यापेक्षा हे खूप कमी काम.

शेवटी, व्यवहारातल्या उदाहरणात आलेख कुठपर्यंत काढायचा, तेही पाहा. कालव्याच्या सरळ काठाला लागून आयताकृती वाफा घ्यायचा आहे. काठाच्या बाजूला कुंपण नको, बाकी तीन बाजूंना मिळून ४० मीटर तार आहे. काठाला लंब बाजू क्ष मीटर धरली तर समोरची बाजू ४० − २क्ष, आणि क्षेत्रफळ

य = क्ष(४० − २क्ष) = −२क्ष² + ४०क्ष = −२(क्ष − १०)² + २००

सर्वांत मोठं क्षेत्रफळ २०० चौरस मीटर, वाफा १० मीटर × २० मीटर. चौरस वाफा सर्वांत मोठा पडतो असं मनात धरून तिन्ही बाजूंना ४०/३ मीटर दिले, तर सुमारे १७८ चौरस मीटरच मिळतात. हा आलेख क्ष = ० ते २० एवढाच काढायचा. त्यापलीकडे एक ना एक बाजू ऋण होते, म्हणून टोकांना बाण नकोत, (०, ०) आणि (२०, ०) वर पोकळ टिंबं द्यायची.